तीनशे बासष्ट

"मॅडम, एक सांगू?"

वृंदा तेरणीकरांचा खडू फळ्यावर थांबला. सकाळचे साडेसात वाजले होते. वर्ग भरायला अजून पाऊण तास होता आणि समोरचे सगळे बाक रिकामे होते. आवाज टेबलावरच्या चपट्या पेटीतून आला होता. ज्या मुलीचा तो आवाज होता, ती एप्रिलमध्येच कॉलेज सोडून गेली होती.

"सांग," तेरणीकर मॅडम म्हणाल्या.

"माझं तीनशे बासष्टच येतंय."

पेटीचं नाव प्रतिछात्र. शिक्षक तिला सावली म्हणत. अकरावीत मुलं पाटीवर लिहायची, म्हणजे काचेच्या पाटीवर, आणि पेन सगळं टिपून घ्यायचं: मूल कुठे अडलं, काय खोडलं, उत्तर लिहिण्याआधी किती सेकंद थांबलं, कुठली चूक पुन्हा केली, काय आणि कुठल्या आवाजात बोललं. वर्षभरात एका मुलाच्या अशा चार-पाच लाख नोंदी जमत. त्यांवरून यंत्र त्या मुलाची एक प्रतिकृती बांधायचं. मुलाला काय येतं, ते किती दिवसांत विसरतं आणि चूक दाखवल्यावर ती किती लवकर सोडतं, एवढं त्या प्रतिकृतीत असे. मग ती प्रतिकृती बारावीच्या वर्षातून एक हजार वेळा चालवायची. प्रत्येक वेळी वर्ष थोडं वेगळं. कधी परीक्षेआधी ताप, कधी पेपर अवघड. हजारापैकी किती वेळा ती पन्नास टक्क्यांच्या खाली घसरते, ते मोजायचं.

गेल्या तीन निकालांत अंदाज चार गुणांपेक्षा जास्त चुकला नव्हता. म्हणून संस्थेने ठरवलं की सहाशेपेक्षा जास्त वेळा घसरणाऱ्यांनी बारावीत यायचं नाही.

अकरावी पास झालेल्या मुलाला नुसते गुण कमी म्हणून काढता येत नाही, असा नियम होताच. त्यामुळे कॉलेज कुणाला काढत नव्हतं. पालकांना बोलावून आलेख दाखवला जायचा आणि पालक दाखल्यासाठी अर्ज करायचे. अर्ज छापील असे. 'कौटुंबिक कारणास्तव, स्वेच्छेने.' खाली वर्गशिक्षकाच्या मतासाठी दोन ओळी. या वर्षी असे बारा अर्ज आले. राजनंदिनी घेवडेचा त्यांतला सातवा. तिच्या सावलीचा आकडा होता सहाशे एकेचाळीस. तेरणीकर मॅडमनी त्या दोन ओळींत यंत्राच्या अहवालातलं वाक्य आपल्या अक्षरात उतरवलं होतं: 'चूक दाखवूनही विद्यार्थिनी ती सुधारत नाही.'

राजनंदिनीला बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स करायचा होता. त्याला विज्ञान लागतं. जवळपास विज्ञानाचं दुसरं कॉलेज नव्हतं, आणि विज्ञानाला प्रात्यक्षिकं असल्यामुळे बाहेरून परीक्षेला बसता येत नव्हतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून आर्ट्सला बसायची तेवढी सोय होती. ते ऐकून तिची आई म्हणाली होती, "आर्टला काय, बसंल की. बसायचंच हाय न्हवं."

मुलं गेली तरी सावल्या राहिल्या. संस्थेने त्या वर्षभरासाठी घेतल्या होत्या आणि पुसायला कुणी सांगितलं नव्हतं. तेरणीकर मॅडमना त्यांचा एक उपयोग सापडला. धडा वर्गात शिकवण्याआधी त्या तो सावल्यांपुढे शिकवून बघायच्या. कुठे अडतं ते आधीच कळायचं. वर्गात उरलेल्या साठ जणांच्या सावल्या मात्र काही कामाच्या नव्हत्या. काहीही सांगितलं तरी त्या गप्प बसायच्या. राजनंदिनीची सावली विचारायची. तिला समजलं की साठांना समजणार, हे पहिल्या महिन्यातच मॅडमच्या लक्षात आलं. तेव्हापासून त्या रोज सकाळी तिलाच उघडायच्या. नवरा एकदा म्हणाला होता की जिला काढलं तिलाच रोज शिकवायला जातेस.

तो सोमवार होता. बोर्डाचे फॉर्म शनिवारी पाच वाजता बंद होणार होते. त्या दिवशी फळ्यावर अनुनाद होता.

प्रयोग साधा आहे. नळीत पाणी भरायचं, नादकाटा रबरावर आपटून नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी हळूहळू खाली न्यायचं. एका ठरावीक उंचीला नळीतली हवा काट्याला साथ देते आणि बारीक गुणगुण एकदम भरून येते. त्या हवेची लांबी मोजायची. नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही थरथरते, तिचे नऊ मिलिमीटर मिळवायचे. त्याला चारने गुणायचं, मग काट्यावर कोरलेल्या वारंवारतेने गुणायचं, की ध्वनीचा वेग मिळतो. त्यांच्या गावच्या हवेत तो सेकंदाला तीनशे सत्तेचाळीस मीटरच्या आसपास यायला हवा.

"तुझं चुकतंय नंदिनी," मॅडम म्हणाल्या. "परत घे."

सावली थोडा वेळ गप्प राहिली. ती काही नळी भरत नव्हती. खरी राजनंदिनी जेवढा वेळ घ्यायची तेवढा वेळ ती थांबायची, इतकंच.

"घेतलं मॅडम. तीनशे बासष्ट."

मॅडमनी वेगळ्या शब्दांत समजावलं. मग आकृती काढून समजावलं. प्रत्येक वेळी तोच विराम आणि तोच आकडा. पाचव्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की आवाजात हट्ट नाही. तो आवाज दबलेला होता. आकडा सांगताना तो दर वेळी थोडा आणखी खाली जात होता. अकरावीच्या तोंडी परीक्षेत तिने हाच आकडा सांगितला होता, तेव्हाही आवाज असाच खाली गेला होता. आपण तेव्हा पाटीवरून मान वर न करता "परत घे" म्हणालो होतो, हे त्यांना आठवलं.

त्यांनी तिची जुनी नोंद उघडली. त्या दिवशी मुलीने वाचन, म्हणजे हवेच्या लांबीचं सेंटिमीटरमधलं माप, अकरा वेळा घेतलं होतं. सतरा पूर्णांक नऊ. अठरा. अठरा. सतरा पूर्णांक नऊ. अकराही ओळींत एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता.

ज्याला समजलेलं नसतं त्याची चूक इकडे तिकडे उडते. एकाच जागी उभी राहत नाही. एवढं विज्ञान त्या वीस वर्षं शिकवत होत्या.

*

प्रयोगशाळेत शिवगोंडा मामा नळ्या पुसत होते. तीस वर्षं ते तिथे होते. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला एक पिवळा कागद त्यांनी मॅडमना दाखवला. त्यावर प्रत्येक प्रयोगाचं वाचन लिहिलेलं होतं. अनुनाद, चारशे ऐंशीचा काटा: सतरा पूर्णांक दोन.

"रीडिंग लिवून ठिवलंय की मॅडम. नळी कशाला वली करताय?"

तो कागद मॅडमना नवा नव्हता. त्या स्वतः याच कॉलेजात शिकल्या होत्या आणि त्यांचं जर्नलही त्याच आकड्यांवर पूर्ण झालं होतं. मुलं दुपारी क्लासला पळायची. नळी भरायला वेळ कुणाला? वाचन कपाटातून, उरलेलं मागच्या वर्षीच्या जर्नलातून. पाच वर्षांपूर्वी यंत्र बसवायला आलेल्या माणसांनी 'बरोबर' उत्तरं मागितली, तेव्हा मॅडमनीच जुन्या जर्नलांचा गठ्ठा त्यांच्या हवाली केला होता.

त्यांनी नळी भरली. काटा रबरावर आपटला आणि पाणी खाली सोडलं. सतरा पूर्णांक दोनला आवाज बारीकच राहिला. पाणी आणखी खाली गेलं. अठराच्या खुणेजवळ नळी एकदम भरून बोलली. रिकाम्या खोलीत तो नाद टेबलांच्या लाकडात शिरला आणि मॅडमच्या मनगटापर्यंत आला.

त्यांनी फोनवर वारंवारता मोजणारं अ‍ॅप उघडलं आणि काटा त्याच्याजवळ धरला. काट्यावर कोरलं होतं चारशे ऐंशी. फोनवर दिसत होतं चारशे साठ.

"मामा, या काट्याला काय झालंय?"

"काय हुतंय? दर पावसाळ्यात गंज धरतो. इथं मधल्या बेचक्यात." मामांनी बोट लावून दाखवलं. "मी कानशीनं घासून लख्ख करतो. तीस पावसाळं झालं. गंजलेला फोर्क पोरांच्या हातात कसा द्यायचा?"

काट्याचे दोन्ही पाय बुडाशी मिळतात ती जागा थोडीशी जरी पातळ झाली, तरी पाय सैलावतात आणि सावकाश थरथरतात. दर वर्षी केसभर. मामांनी मायेने घासलेला तो काटा तीस वर्षांत वीस कंपनं खाली उतरला होता आणि ते ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि कागदावर मांडत गेल्या. अकरावीच्या बहात्तर मुलांपैकी एकाहत्तर जणांनी न मोजता बरोबर लिहिलं. एकीने मोजलं. तिचं कोरलेल्या आकड्याने गुणून तीनशे बासष्ट आलं. तिला चूक म्हटल्यावर तिने पुन्हा मोजलं आणि पुन्हा तेच आलं, कारण ते तसंच होतं. यंत्राने त्यावरून तिचा एक गुणधर्म ठरवला की ही मुलगी चूक सोडत नाही. मग तो गुणधर्म गणित, रसायन, मराठी, सगळ्या विषयांना लावून तिला हजार वर्षांतून चालवलं. एक हजार वेळा ती चुकीला चिकटून राहिली.

त्यांनी सावलीची एक प्रत काढली, तीत ती एक नोंद दुरुस्त केली आणि ती पुन्हा चालवली. बारा मिनिटं लागली. दोनशे चार.

*

प्राचार्य मगदूम आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काटा हातात घेऊन बघितला आणि चहा मागवला. चूक मशीनची आहे असं कळवून टाकू, पुढच्या वर्षी नवा काटा घेऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"आणि घेवडे?"

"घेवडेला काढलं कुणी, मॅडम? अर्ज तिच्या आईचा आहे."

सरांनी बशी पुढे सरकवली.

"तिला परत घ्यायचं तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की जर्नलं आली. साठ जर्नलांवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग? पाच वर्षांच्या वाचनांवर तुमची सही. बोर्ड प्रात्यक्षिकाचे गुण धरून ठेवेल. साठ मुलांचे. एका मुलीसाठी तुम्ही नोकरी घालवाल, ते तुमचं तुम्ही बघा. पण या साठांनी काय केलंय?"

प्रश्न खोटा नव्हता, म्हणूनच मॅडमना तो घेऊन उठावं लागलं. दाराशी असताना सर म्हणाले, "आणि त्या सावल्या पुसून टाका बरं आता. उगीच कशाला ठेवायच्या गेलेल्यांच्या?"

मॅडमनी त्या पुसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या वर्गात गेल्या, तेव्हा पेटी बंदच ठेवायची असं ठरवून गेल्या होत्या. शिकवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वाक्यानंतर आपण थांबलोय हे त्यांना कळलं. जिथे तो आवाज यायचा तिथे त्या आपोआप थांबत होत्या. प्रत्यक्ष वर्गातही तसंच झालं. साठ मुलं वाट बघत होती आणि मॅडम खिडकीकडे कान लावून उभ्या होत्या.

"मॅडम, नेट गेलं का?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

*

बुधवारी दुपारी त्या काजूच्या कारखान्यात गेल्या. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या. समोर सोललेल्या गराचे ढीग. अख्खा, पाकळी, तुकडा. अख्ख्यात पुन्हा मोठा, मधला, बारीक. राजनंदिनी आईशेजारी बसली होती. नजर दुसरीकडे असतानाही तिची बोटं गर उचलून बरोबर ताटात टाकत होती. मॅडमना बघून ती उठली, पण बोटं क्षणभर तशीच हलत राहिली.

बाहेर पत्र्याच्या सावलीत मॅडमनी दोघींना सगळं सांगितलं: काटा, कपाटातला कागद, आणि आपली सही. एप्रिलच्या अर्जावर लिहिलेलं वाक्यही सांगितलं. नंदिनीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"मिटलं की मॅडम ते. माझंच चुकत हुतं. तीनशे सत्तेचाळीसच येतंय."

"तू परत मोजलंस?"

"न्हाई. पण एवढ्या सगळ्यांचं कसं चुकंल?"

ही इथे, दोन हातांवर, आणि हिने आकडा सोडला होता. चूक दाखवल्यावर सोडला होता. तिला सुधारता येत होतं. काय सुधारून बसली होती ते मॅडमना बघवत नव्हतं.

त्यांनी पिशवीतून पेटी काढली. हे करावं की नाही याचा त्यांनी वाटेत खूप विचार केला होता.

"मॅडम, एक सांगू?" पेटी म्हणाली. "माझं तीनशे बासष्टच येतंय."

आई दचकून मागे सरली. तिने आधी पेटीकडे बघितलं, मग मुलीच्या तोंडाकडे. "ही कवा बोलली हे?"

"बोलत न्हाई आई. ते तसलं मशीन हाय." नंदिनी पेटीकडे टक लावून बघत होती. तिने हळू विचारलं, "ही अजून भांडतीया?"

"रोज," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी नादकाटा आणि फोन तिच्या हातात दिला. नंदिनीने काटा चपलेच्या रबरावर आपटला आणि फोनजवळ धरला. आकडा वाचला. पुन्हा आपटला, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदाही. मग मालाच्या चिठ्ठीच्या पाठीवर तिने मांडलं: सतरा पूर्णांक पंच्याण्णव अधिक शून्य पूर्णांक नऊ, गुणिले चार, गुणिले चारशे साठ. सहा महिन्यांनीही तिला तिची सरासरी पाठ होती. पेन्सिल शेवटच्या आकड्याखाली रेघ मारून तिथेच थांबली.

तीनशे सत्तेचाळीस.

आई म्हणाली, "मॅडम, परत घेतलं आन् परत काढलं तर? तवा पोरगी आठ दिस जेवली न्हवती."

परत काढणार नाहीत, असं म्हणायला मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. "सांगता येत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात एक पत्र आहे, तेवढं मी लिहिते. यायचं की नाही ते तुम्ही दोघी ठरवा."

*

पत्र अर्ध्या पानाचं झालं. त्याच्या प्रती त्यांनी संस्थेला आणि बोर्डाच्या विभागीय कार्यालयाला गुरुवारी पाठवल्या. पहिल्या वाक्यात लिहिलं होतं की माझ्या सहीची साठ जर्नलं प्रयोग न करता लिहिलेली आहेत आणि हे मला माहीत होतं. बाकीची वाक्यं काट्याबद्दल होती.

शुक्रवारी संस्थेने त्यांचं वर्गशिक्षकपद काढून घेतलं आणि चौकशी बसवली. साठही मुलांनी प्रयोग पुन्हा करायचे, असं बोर्डाने कळवलं. क्लास बुडणार म्हणून पालकांचे फोन आले. मामांनी कपाटातला पिवळा कागद फाडला. उरलेल्या अकरा जणांच्या सावल्याही मॅडमनी इतर प्रयोगांची 'बरोबर' उत्तरं तपासून पुन्हा चालवल्या. तिघांचे आकडे सहाशेच्या खाली आले. दोघांनी फोन उचलला नाही. तिसरा म्हणाला, "आता आर्ट्सच बरंय मॅडम, दुपारी झोपायला मिळतंय."

शनिवारी वीस मिनिटं उरली असताना राजनंदिनी आईबरोबर आली. मगदूम सरांनी फॉर्मवर सही केली. पत्र वर पोचलेलं असताना त्यांना न करून चालणार नव्हतं. पेन ठेवताना ते मॅडमकडे न बघता म्हणाले की निकाल लागू दे, मग बघू तुमचा काटा. जाताना आईने टेबलावर काजूची पुडी ठेवली. मॅडमनी ती सरांपुढे सरकवली, सरांनी ती परत मॅडमपुढे.

मुलगी परत आली की जुनी सावली पुसून नवी सुरू करावी लागते. सोमवारी सकाळी मॅडम साडेसातलाच आल्या. प्रयोगशाळेत दिवा लागला होता. दाराच्या फटीतून त्यांना दिसलं, की राजनंदिनी सगळ्यांच्या आधी येऊन नळी भरत होती आणि मामा बाजूला हात मागे बांधून उभे होते.

वर्गात जाऊन त्यांनी पेटी उघडली.

"मॅडम, एक सांगू?"

"आज मी सांगते," मॅडम म्हणाल्या. "नंदिनी, तुझं बरोबर होतं."

सावली थांबली. हा विराम ओळखीचा नव्हता. खूप लांबला. पेटीवरचा हिरवा ठिपका नुसता फिरत राहिला. ती लाखो नोंदींमध्ये शोधत होती. बरोबर आहे असं ऐकल्यावर ही मुलगी काय म्हणते, ते ती वर्षभराच्या सगळ्या तासांत धुंडाळत होती. मॅडमना उत्तर यायच्या आधीच कळलं: असं तिला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

शेजारच्या खोलीत काटा रबरावर आपटल्याचा आवाज आला. बारीक गुणगुण भिंतीतून आत शिरली.

"चुकलं मॅडम," सावली अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "मी परत घेते."